आठ वाजता तुटलेले गाणे

पार्ल्याचे घर सोडले त्या सकाळी तुमचे बाबा व्हिडिओ कॉलवर होते. फोन मी रिकाम्या कपाटाच्या फळीवर टेकवून ठेवला होता, त्यामुळे टोरांटोत त्यांना माझ्यापेक्षा छतच जास्त दिसत असावे. हमाल खोकी उचलत होते आणि बाबा पुन्हा पुन्हा विचारत होते, "आई, नक्की ना? अजून टेम्पो निघालेला नाही." तुम्ही दोघे मागे सोफ्यावर पेंगत होतात. ईशान, तू मध्येच डोळे उघडून एकच प्रश्न विचारलास, "आजी, तिथे वाय-फाय आहे का?" मी म्हटले, कधी कधी असते. तेवढ्यावर माझा निरोपसमारंभ संपला. टेम्पोत पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी मी बसले, मांडीवर मिक्सरचे भांडे घेऊन. कारण ते कुठल्याच खोक्यात मावले नव्हते.

जव्हारला येण्यामागे मोठा विचार नव्हता. तुमच्या आजोबांनी नोकरीत असतानाच इथे दोन खोल्यांचे घर घेतले होते, निवृत्तीनंतर राहायला. निवृत्तीनंतर त्यांना फारसे दिवस मिळाले नाहीत आणि घर बंदच राहिले. पुढे पार्ल्याची इमारत पुनर्विकासाला गेली. माझ्यापुढे तीन वाटा होत्या : भाड्याचे घर, तुमच्या बेसमेंटमधली खोली, किंवा जव्हार. मी जव्हार निवडले तेव्हा नातेवाइकांना वाटले, एकटेपणामुळे हिचे डोके फिरले. खरे तर मला भाड्याच्या घराच्या मापाने पुन्हा पडदे शिवायचे नव्हते, आणि टोरांटोत मी वर्षभर स्वेटर घालून खिडकीशी बसले असते.

आमच्या वडिलांची नोकरी बदलीची होती. दर नव्या गावी सामान उतरायच्या आधीच आम्ही भावंडे कुरकुर सुरू करायचो आणि आई म्हणायची, "आधी स्टोव्ह पेटू दे, मग गाव कसं आहे ते बोला." जव्हारला पोहोचल्यावर मी तेच केले. चहा केला, खोकी भिंतीला लावली, आणि गाव कसे आहे याबद्दल बरेच महिने काही बोलले नाही.

पार्ल्यात माझी सकाळ म्हणजे दुधाची पिशवी, वर्तमानपत्र आणि बागेत गुडघ्यांविषयी बोलणाऱ्या तिघी मैत्रिणी. इथे मार्चमध्ये उजाडण्याच्या आधीच बायका टोपल्या घेऊन मोहाची फुले वेचायला निघतात आणि खिडकी उघडली की त्या फुलांचा गोड, जड वास घरात येतो. पहिल्या वर्षी त्याने माझे डोके दुखायचे. आता खिडकी उघडीच असते.

आणखी एक गोष्ट मला इथे कळली. तुम्ही मला 'सोडून गेलेली' म्हणता आणि मी तुम्हाला 'सोडून गेलेले'. इथे भात निघाले, दिवाळी झाली की पाडेच्या पाडे घराच्या दाराला आडवी काठी लावून भिवंडीला, वसईला वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. याला कोणी स्थलांतर म्हणत नाही. 'जगायला जातो' म्हणतात. शाळेत तीस वर्षे इंग्रजी शिकवून मला यापेक्षा चांगला शब्द माहीत नव्हता.

रेडिओचे सांगते, कारण तन्वी, तू विचारले होतेस की मी दिवसभर करते काय. आमच्या गावात एक लहानसे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. आतली स्टुडिओ, बाहेरची ऑफिस. आवाज घुमू नये म्हणून आतल्या भिंतींवर गोधड्या ठोकल्या आहेत. सकाळचा कार्यक्रम इरफान करतो. बाजारात त्याचे मिक्सर-पंखे दुरुस्तीचे दुकान आहे. त्याचे आजोबाही जव्हारचेच, कल्हई करायचे. मी माझा जुना रेडिओ दुरुस्तीला नेला तेव्हा सहज बोलून गेले की सकाळचे निवेदन ठरल्या वेळी कधीच सुरू होत नाही. तो स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून म्हणाला, "टीचर, अशी तक्रार दुकानात नाही घेत. उद्या वर या, माइकवर करा."

अशी मी 'आजचा विचार' सांगू लागले. रोज पाच मिनिटे. कार्यक्रम सुरू होतो तारपा या इथल्या फुंकवाद्याच्या सुरावर, मग आश्रमशाळेच्या सूचना, लसीकरण कुठे आहे, कुठल्या रस्त्यावर दरड आली आहे, फर्माईशी, एखादा पाहुणा, आणि त्या सगळ्या गलबल्याच्या शेवटी मी. मी आधी लिहून काढते, घड्याळ लावून वाचते. एकदा खोडाळ्याच्या बाजूच्या एका गृहस्थांनी फोन करून सांगितले, "बाईंचं बोलणं लय चांगलं. समजत नाय, पण ऐकून बरं वाटतं." इरफानने हे तीन दिवस माइकवर ऐकवले.

गेल्या मार्चमध्ये एका गुरुवारी त्याने पाहुणी म्हणून दाभोशाच्या लखमीबाईंना बोलावले. त्या धवलेरी आहेत. हे तुम्हाला समजावून सांगायला हवे. वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो. धवलेरी ही बाई लग्न लावते, आणि ते लावते गाण्यांनी. तिने गाणे म्हटले की लग्न लागले. दुसरी गोष्ट अशी की इथे मुलगा-मुलगी एकत्र नांदू लागतात, संसार होतो, मुले होतात, आणि लग्न मागाहून, जमेल तेव्हा. त्यात कोणाला वावगे वाटत नाही. मात्र एक नियम पक्का आहे. मुलांचे लग्न लावण्याआधी आईबापांचे लागलेले हवे. राहिले असेल तर मुलांच्याच मांडवात आधी आईबापांना नवरा-नवरी करून बसवतात आणि मग मुलांना.

लखमीबाई माझ्याच वयाच्या, लहानखुऱ्या, आवाज मात्र खोलीभर. गप्पा छान झाल्या. मग इरफान म्हणाला, "आजी, आता एक गाणं होऊन जाऊ दे."

"कुणाचं लगीन आहा?"

"कुणाचंच नाही. नुसतं ऐकायला."

"नुसतं कसं गाऊ? ही काय टीवीतली गाणी? ही म्हटली का लगीन लागतं. नवरी नाय, नवरा नाय. लावू कुणाचं? तुझं लावू?"

"माझं झालंय, आजी. दोन पोरं आहेत."

"मंग गप बस."

इरफान हसला आणि सहज म्हणाला, "आपल्या जव्हार-मोखाड्यात इतकी जोडपी बिनलग्नाची नांदतात. त्यांचं लावा."

लखमीबाई गप्प झाल्या. रेडिओवर शांतता पसरणे म्हणजे दूध उघडे राहण्यासारखे, लगेच काहीतरी झाकायला हवे. इरफानचा हात गाणे लावायला पुढे गेला होता, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "चालंल. ज्यांची राहिली त्यांची लावते. बसा रं पाटावर."

आणि त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली. मी बाहेरच्या खोलीत माझा 'विचार' घेऊन बसले होते. माझ्याजवळच्या स्पीकरवर रेडिओवरून जे बाहेर जाते ते ऐकू येते. गाण्यात आधी देवांना बोलावणे होते, मग डोंगरांना, नदीला, कणसरी म्हणजे धान्याच्या देवीला. सगळे वऱ्हाडी गोळा होत होते. आणि ठीक आठ वाजता स्पीकरवर गाणे तुटून एक पुरुषी आवाज म्हणाला, "आकाश निरभ्र राहील." आठची हवामानाची सूचना आणि तिच्यामागून शेतीचा सल्ला कॉम्प्युटर आपोआप लावतो. गाणी रोजच अशी तुटतात आणि कोणी काही म्हणत नाही. आत मात्र लखमीबाईंचे डोळे मिटलेले. त्या गातच राहिल्या. बंद दाराआड लग्न चालू होते आणि स्पीकरवर कमाल तापमान. त्यांनी ते शेवटपर्यंत नेले, पाणी प्यायल्या आणि इरफानच्या पाठीवर थाप मारून जिना उतरून गेल्या.

ऑफिसच्या फोनचे काम माझ्याकडे आहे. तो लगेच वाजला.

"रेडिओ का? मी जानी. साखरशेतची. गाणं कोठं गेलं?"

मी म्हटले, "संपलं, बाई. आवडलं का?"

"संपलं नाय. मना ठावं आहा ते कसं संपतं. मी हळद लावून बसलेय."

मला क्षणभर उलगडेना. मागून पुरुषाचा आवाज आला, "विचार ना, उठू का?" आणि जानी फोन न झाकता त्याच्यावर ओरडली, "उठलास तर बघ!"

मग तिने नीट सांगितले. येत्या रविवारी तिच्या मुलीचे लग्न होते. तिचे आणि तिच्या माणसाचे, लहानूचे, अजून लागलेले नव्हते. दरवर्षी लग्नाच्या दिवसांत दोघे भट्टीवर असायचे आणि परत येईपर्यंत पेरणीचे दिवस आलेले असायचे. यंदा मुलीच्या लग्नासाठी ती लवकर परतली होती. पाड्यातले म्हणत होते, मुलीच्या मांडवात बसा, सगळेच बसतात. "पण बाय, मना लाज वाटते," ती म्हणाली. "जावयाच्या समोर मी नवरी बनून बसू? मुलीचा दिवस हाये तो. तिला एकटीला बसू दे." म्हणून रेडिओवर लखमीबाई 'बसा' म्हणाल्या तेव्हा तिने मुलीसाठी वाटून ठेवलेली हळद घेतली, लहानूला तोंडातल्या दातणासकट ओढून आणले आणि अंगणात दोन पाटांवर दोघे बसली. शेजारणी धावत आल्या. आणि मध्येच आकाश निरभ्र झाले.

"आता उठता येत नाय," जानी म्हणाली. "अर्ध्यात उठलं तर लगीन मोडलं. मोडलेली आई मुलीला हळद लावील का? रविवार कसा व्हायचा?" मागे हसणे ऐकू येत होते. ती हसत नव्हती.

इरफानने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाला, "ताई, टेन्शन नको. सगळं रेकॉर्ड झालंय. जिथे तुटलं तिथून आत्ता लावतो."

मग जानीने विचारले, "ती आता गातेय का?"

त्याला खोटे बोलता आले असते. पण तो म्हणाला, "नाही. मघाशी गायली ते."

"मंग नको. मघाशी गायली तेव्हा ती दुसऱ्या कुणाच्या समोर होती."

इरफानने तिला बसूनच राहायला सांगून फोन ठेवला. मी चपला घातल्या. दाभोशाकडची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, एवढाच आधार होता. स्टँडवर पोहोचले तेव्हा लखमीबाई पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या होत्या, मागे माणसे खच्चून भरलेली होती आणि ड्रायव्हर शेवटच्या एकासाठी हाका मारत होता.

मी त्यांना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "बाय, मी तर गाणी पुरी केली."

"खोलीत पुरी झाली. बाहेर अर्धीच गेली."

"मंग बाकीची कोठं आहा?"

"खोलीतच राहिली."

एखादी वस्तू कोणाच्या घरी विसरावी तसा त्यांनी यावर विचार केला. मी सुचवले की इरफान त्यांना स्कूटरवरून थेट साखरशेतला नेईल, जानीच्या अंगणात गाणे पुरे होईल. मला तो सोपा, नीटनेटका मार्ग वाटला.

"नाय," लखमीबाई म्हणाल्या. "एकटी जानीच बसलीय कशावरून? मी तर समद्यांना बसा म्हटलं."

हे माझ्या डोक्यात आले नव्हते. मी त्या उन्हात उभी राहून डोंगरातल्या साऱ्या पाड्यांचा विचार केला आणि कोण कोण कुठल्या अंगणात हळदीचे हात घेऊन बसले असेल याची कल्पना करू लागले.

ड्रायव्हर कुरकुरला, "आजी उतरली का पुन्हा सीट खाली. भरायचं कोणी?"

मागून सुकटाची टोपली घेतलेली एक बाई कडाडली, "मेल्या, बाई हळदीत बसलीय आणि तुला सीटची पडलीय? तुझं तरी लागलंय का?"

सारी जीप हसली. ड्रायव्हरचे कान लाल झाले. लागले नव्हते, असे दिसले. त्याने मुकाट्याने इंजिन सुरू केले आणि भरलेली जीप वळवून आमच्या इमारतीपाशी आणून उभी केली. मलाही त्यांनी टोपलीशेजारी कोंबले. त्या दिवशी माझ्या साडीला घरी येईपर्यंत सुकटाचा वास होता.

इरफानने तोपर्यंत जाहीर करून टाकले होते की जे बसले आहेत त्यांनी बसून राहावे. कॉम्प्युटरची वायर त्याने काढून ठेवली होती. म्हणाला, "आज हवामान राहू दे. ऊन आहे, सगळ्यांना दिसतंय." लखमीबाईंनी मला विचारले, कुठे तुटले. मी सांगितले, धान्याच्या देवीला बोलावले आणि ती निघाली, तिथे. त्या म्हणाल्या, "मंग बिचारी वाटंतच उभी आहा." आणि त्यांनी गाणे थोडे मागच्यापासून धरले. या वेळी गाण्यात जानी आणि लहानूची नावे आली. मग त्या जराशा थांबल्या आणि 'आणखी जे असतील ते' असे काहीसे त्यांनी त्याच चालीत बसवले. खाली जीपमध्ये ड्रायव्हरने मोबाइलवर रेडिओ लावला होता. खिडकीतून तोच आवाज क्षणभर उशिरा वर येत होता. माझ्या 'विचारा'ची वेळ गेली. त्याबद्दल तक्रार करणारा एकही फोन आला नाही, हे नोंदवून ठेवते.

गाणे संपले. फोन वाजला.

जानीने विचारले, "उठू का आता?"

मी फोन लखमीबाईंपुढे धरला. त्या म्हणाल्या, "ऊठ, बाय. लागलं."

पलीकडे जो गलका झाला त्यात जानीचा आवाज मला वेगळा काढता आला नाही. मी फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. मोखाड्याच्या बाजूचा कोणी म्हातारा होता. आधी खोकला, मग दबक्या आवाजात म्हणाला, "आम्हीपण उठू का?"

लखमीबाईंनी माझ्याकडे पाहिले. "बघ," त्या म्हणाल्या. त्यानंतर किती फोन आले ते मी मोजले नाही, आणि मी सहसा मोजते. इरफान आपल्या दुकानात उशिरा गेला. बाजारात त्या दिवशी सगळे त्याला 'काय धवलेरी' अशी हाक मारत होते.

तन्वी, मागच्या कॉलवर तू विचारलेस, "आजी, घरी कधी येणार?" तुमच्या घरी, असे तुला म्हणायचे होते. माझी खोली तयार आहे, बाबांनी हीटर बदलला आहे, हे मला ठाऊक आहे. मी येईन, उन्हाळ्यात, पाहुणी म्हणून. पाहुण्यांचे लाड होतात आणि ते मला आवडतात. पण तुझ्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही.

घर म्हणजे पत्ता, असे मी बरीच वर्षे धरून चालले होते. पार्ल्याचा पत्ता माझ्या नावाशी इतका जोडलेला होता की तो गेल्यावर मी कोण म्हणून ओळखली जाईन असा प्रश्न मला टेम्पोत पडला होता. मिक्सरचे भांडे मांडीवर होते म्हणून मी त्यावर फार विचार केला नाही. जव्हारमध्ये काही काळ मी 'बंद घरवाली बाई' होते. मग 'टीचर'. या ओळखींना मी घर म्हटले नसते.

रविवारी इरफान आणि मी साखरशेतला गेलो. जानीने आग्रहाचे बोलावणे धाडले होते. मांडवात पाटावर नवरी म्हणून एकटी तिची मुलगीच होती, नवऱ्याशेजारी, आणि तिच्याकडे सगळे बघत होते. जानी कमरेला पदर खोचून भाताची पातेली इकडून तिकडे नेत होती, घामाघूम, कोणाला तरी रागावत. तिला हवे होते ते एवढेच. तिच्या कपाळावर अजून गुरुवारच्या हळदीचा पिवळा डाग होता. लहानू इरफानला धरून बिघडलेल्या लाउडस्पीकरपाशी घेऊन गेला, आणि पाहुणा म्हणून आलेला इरफान अर्धे लग्न वायरी जोडत होता.

मी एका बाजूला उभी होते. इथे नवऱ्याकडचे एकीकडे बसतात, नवरीकडचे दुसरीकडे, आणि मला कळेना कुठे बसावे. नवऱ्याकडच्या एका म्हाताऱ्याने मान वर करून विचारले, "ही बाय कोणाकडची?"

जानी पातेले घेऊन जात होती. न थांबताच म्हणाली, "आमची. रेडिओकडची."

म्हाताऱ्याला ते पुरेसे वाटले. समोरच्या, नवरीकडच्या बायकांना त्याने हाताने खूण केली. त्या सरकल्या आणि मी त्यांच्यात बसले.